राजकन्येची चोळी

यंदा एका दिवाळी अंकातल्या अद्भुतकथेचं चित्र काढायला घेतलं आणि घरातली शांतता गेली. कथा बाराव्या शतकातली, गोव्याच्या कदंब राजांच्या राजधानीतली, गोपकपट्टणातली. राजकन्या उडत्या मगरीवर बसून जुवारी नदी ओलांडते. दोन दिवसांत चित्र झालं. भडक जांभळी नऊवारी, कोपरापर्यंत बाह्यांचं शिवलेलं पोलकं आणि खांद्यावर पिन लावून बसवलेला पदर. मगर भलत्या वेगाने उडते, पिन हवीच.

सासूबाई दुर्भाटच्या. तिकडे पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, त्यामुळे मगरीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "उडटा जाल्यार उडूं दी," म्हणाल्या. मग चष्मा पुसला. "पूण बाये, ही पिन खंयची?"

शोधलं. सेफ्टी पिनचं पेटंट वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकनाने घेतलं, 1849 साली. म्हणजे आमची राजकन्या सुमारे सातशे वर्षं आधीच परदेशी माल वापरत होती. पिन खोडली. पदर सुटला, म्हणून कुणबी बायका मारतात तशी खांद्यावर गाठ मारली. ती पिनेपेक्षा देखणी दिसली, हे कबूल करते.

इथेच थांबायला हवं होतं. पण एकदा खोडरबर हातात आलं की माझा हात शिवशिवतो. तो भडक जांभळा रंग? 1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन डांबरापासून क्विनाइन करायला गेला, क्विनाइन राहिलं बाजूला आणि हा रंग निघाला. लुगडं मंजिष्ठेच्या लालात बुडवलं. नऊ वार की पाच, हा वाद मी मुद्दामच उकरला नाही.

उरलं पोलकं. बेलूरचं देऊळ 1117 सालचं, आपल्या राजकन्येच्याच शतकातलं. तिथल्या मदनिका पाहा. गळ्यात हार, दंडात वाकी, कमरेला मेखला, सगळं कसं बारकाईने कोरलेलं. पोलकं मात्र शोधत बसावं लागतं. (शिल्पकार लोकांचा पेहराव कोरत होते की स्वतःची हौस भागवत होते, ते देव जाणे.) तर मी इमानदारीने पोलकंही खोडलं.

संपादकांचा फोन दहा मिनिटांत आला. "मॅडम, अंक घरोघरी जातो हो. मुलं वाचतात."

"पण त्या काळी..."

"त्या काळी आमचे वर्गणीदार नव्हते."

सासूबाईंनी कागदावर सरळ सूप पालथं घातलं. "हिका थंड लागतली," एवढंच म्हणाल्या. वर वाऱ्यात मगरीच्या पाठीवर खरंच लागली असती, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता.

मी तडजोडीला लागले. हार वाढवले, ते साखळदंडासारखे दिसू लागले. केस मोकळे सोडून पुढे घेतले, तर वारा समोरून. ते मागेच जाणार. मगरीने मान उंच करून मध्ये यावं असंही करून पाहिलं. राजकन्या मगरीने गिळल्यासारखी दिसली. शेवटी मगर काठावर उतरवली आणि राजकन्येला काजूच्या झाडाआड उभं केलं. नुसता चेहरा बाहेर. संपादक खूश. सुपाखालून कागद सुटला.

आठवीतला चिरंजीव चहात पाव बुडवत चित्रावर वाकला. "आई, काजू पोर्तुगीजांनी आणला ना? ते तर 1510 साली आले."

या घरात कोणी अशिक्षित असतं तर किती बरं झालं असतं! काजू तोडला. तिथे फणस लावला. तो इथलाच, कोणाच्या जहाजातून आलेला नाही. खोड मात्र असं रुंद झालं की चेहराही आत गेला. आता चित्रात एक मगर आहे, एक भरगच्च फणस आहे आणि खोडाला धरलेला राजकन्येचा एक हात आहे. हातात हिरवी काचेची बांगडी.

सासूबाई चष्मा पुसताहेत.