मध्ये ट्रान्झिस्टर टाकाच
आर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) टीव्हीचा रिमोट बनवायचा लेख मस्त, पण आकृतीत आयआर एलईडी (रिमोटमधला, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडणारा दिवा) थेट आर्डुइनोच्या पिनला जोडलाय ते खटकलं. पिनमधून २० मिलिअँपिअरच्या वर ओढू नये, आणि तेवढ्या करंटला सोफ्यावरून टीव्ही दाद देत नाही. मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) टाका, पल्ला लगेच वाढतो. एलईडी पेटतोय का ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बहुधा जांभळट लुकलुकताना दिसतो. सोनीवाल्यांनो, तुमच्या रिमोटचा सिग्नल नेहमीसारखा ३८ नाही, ४० किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ४० हजार वेळा लुकलुकणारा). शिवाय बटणाचा तोच कोड तीनदा पाठवावा लागतो. आणि ठरल्या वेळी टीव्ही आपोआप लावायला टायमर लावणार असाल तर जपून! चालू-बंदचा कोड बहुतेक टीव्हींना एकच असतो. आईने आधीच टीव्ही लावला असेल तर ऐन मालिकेच्या वेळी तो बंद पडतो, आणि शिव्या आपल्याला.