‘धूम्रपानबंदी हटवा’ म्हणणाऱ्या मजकुरात काय काय चुकलंय

सातारा-सांगली भागातल्या हॉटेलवाल्यांच्या, पानटपरीवाल्यांच्या आणि मित्रमंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. थोडक्यात तो असा: “सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचा कायदा जुलमी आहे. माझी सिगारेट, माझं शरीर. शेजारच्याला त्रास होतो हा बागुलबुवा आहे, साखर कारखान्याची चिमणी आणि हायवेवरचे ट्रक जास्त धूर सोडतात. हॉटेलात एक्झॉस्ट फॅन लावला की प्रश्न मिटतो. बंदीमुळे हॉटेलवाला, टपरीवाला आणि तंबाखूचा शेतकरी मरतो. सरकार कर घेतं, वर दंडही घेतं. एवढं करून तंबाखू कमी झाली का? कायदा रद्द करा.”

यातली एक-दोन गाऱ्हाणी खरी आहेत, ती पुढे येतीलच. पण मूळ मांडणी चुकीची आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या हॉटेलमालकाचं त्यात नुकसानच आहे.

“माझी सिगारेट, माझं शरीर.”

2003 चा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, सिगारेट ओढण्यावर बंदी घालत नाही. त्याचं कलम 4 फक्त सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदी घालतं. स्वतःचं घर, स्वतःचं शेत, स्वतःची गाडी यात येत नाही. त्याआधी 2 नोव्हेंबर 2001 ला काँग्रेसचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला, तो राज्यघटनेच्या कलम 21 च्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या आधारावर. न ओढणाऱ्याला दुसऱ्याच्या धुरात बसायला लावता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. शरीराचा हक्क सांगायचा तर तो शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही आहे, आणि दहा तास त्याच हवेत ताटं उचलणाऱ्या वेटरला तर सगळ्यात आधी आहे.

इथेच आणखी एक पळवाट सांगितली जाते: “आमचा ढाबा मोकळा आहे, कायद्यात मोकळी जागा वगळली आहे.” मूळ कायद्यात मोकळी जागा वगळली आहे, हे खरं. पण 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी स्पष्ट केलं की खुलं सभागृह, मैदानाचं स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसथांबा अशा लोकांची ये-जा असलेल्या जागा ‘मोकळी जागा’ धरल्या जाणार नाहीत. त्यामुळे मिरज जंक्शनचा प्लॅटफॉर्म वरून उघडा असला तरी तिथे बंदी आहे, आणि एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभं राहायच्या जागेलाही ती लागू आहे. खानावळ, बार, कँटीन, कामाची जागा यांचा तर नियमात स्पष्ट उल्लेख आहे.

“एक्झॉस्ट फॅन लावला की प्रश्न मिटतो.”

मजकुरातला हा सगळ्यात पटणारा मुद्दा आहे, आणि सगळ्यात चुकीचाही. म्हणून जरा हिशेब करू.

वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच अशी परमिट रूमची खोली घ्या. आत साधारण 85 घनमीटर हवा मावते. एक सिगारेट जळताना अडीच मायक्रॉनहून बारीक असे सुमारे 10 ते 14 मिलिग्रॅम कण हवेत सोडते. मधला आकडा 12 धरला आणि दारं-खिडक्या बंद असतील, तर एका सिगारेटने खोलीतलं प्रमाण घनमीटरला 140 मायक्रोग्रॅमच्या आसपास जातं. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा 60 आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 15. म्हणजे एकाच सिगारेटीत आपली मर्यादा दुपटीच्या पुढे गेली.

आता फॅन चालू करू. तो तासाला पाच वेळा खोलीतली हवा बदलतो असं मानू, म्हणजे ताशी 425 घनमीटर. सिगारेट विझल्यावर 95 टक्के धूर जायला 36 मिनिटं लागतात. तोवर दुसऱ्या टेबलावर कोणीतरी पेटवलेली असते. तासाला फक्त चार सिगारेटी जळत राहिल्या तर फॅन चालू असूनही हवेत सरासरी 110 च्या वर कण टिकून राहतात. काही कण भिंती-पडद्यांवर बसतात, ते वजा केले तरी आकडा मर्यादेच्या आसपाससुद्धा येत नाही. तो 15 वर आणायचा असेल तर तासाला 38 वेळा, म्हणजे दोन मिनिटांच्या आत अख्ख्या खोलीची हवा बाहेर फेकावी लागेल. अशा खोलीत ताटातला पापड उडेल आणि एसीचा गारवा टिकणार नाही.

शिवाय फॅनच्या डब्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. मागे जाळी आली, झडप आली, भिंतीतून वळवलेला पाईप आला, पात्यांवर फोडणीच्या वाफेचा चिकटा बसला की प्रत्यक्षात हवा कितीतरी कमी ओढली जाते. खोलीत ताजी हवा यायला वाट ठेवलेली नसेल तर फॅन नुसता गरगरतो, किंवा स्वयंपाकघराच्या दारातून वाफ आत ओढतो. वर छताचा पंखा सगळी हवा ढवळून एकसारखी करतो. त्यामुळे ‘ओढणाऱ्यांचं टेबल कोपऱ्यात’ ही सोय कागदावरच राहते. स्प्लिट एसी तर तीच हवा पुन्हा फिरवतो. त्याची जाळी धुळीसाठी असते. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा लहान, ते आणि कार्बन मोनॉक्साईडसारखे वायू तिच्यातून आरपार जातात. ज्या घरात चुलीवर तव्यात मशेरी भाजतात तिथे मागच्या खोलीत निजलेल्या माणसालाही ठसका लागतो, दार लोटलेलं असलं तरी.

म्हणूनच नियमात फॅन पुरेसा मानलेला नाही. तीस किंवा जास्त खोल्यांचं लॉज, तीस किंवा जास्त माणसं बसतील असं रेस्टॉरंट आणि विमानतळ, एवढ्यांनाच वेगळी धूम्रपानाची जागा करता येते, आणि तीही अशी: चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं आणि एरवी बंदच राहणारं दार, हवा थेट इमारतीबाहेर जाणारी आणि परत न मिसळणारी, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. ही जागा येण्या-जाण्याच्या दाराशी करता येत नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर तिथे चहा, जेवण, दारू असं काहीही देता येत नाही. प्लायवूडचं अर्धं पार्टिशन टाकून आत टेबलं मांडणारे या सगळ्या अटी एकदम मोडतात. आणि एवढं केलं तरी दार उघडलं की धूर बाहेर येतो, राखेचं भांडं उचलायला कुणाला तरी आत जावंच लागतं. वातानुकूलनाच्या अभियंत्यांची अमेरिकेतली संस्था अॅशरे हिचंही हेच म्हणणं आहे: इमारतीच्या आतली हवा धुरापासून सुरक्षित करायचा एकच मार्ग, आत ओढू न देणं.

“कारखान्याची चिमणी आणि ट्रक जास्त धूर सोडतात.”

गाळप हंगामात कृष्णाकाठच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. त्याविरुद्ध प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केलीच पाहिजे. पण चिमणी उंच असते, तिचा धूर मैलभर पसरून पातळ होतो. सिगारेट तोंडापासून दोन हातांवर, बंद खोलीत जळते, आणि त्यातला बराचसा धूर ओढणाऱ्याच्या छातीतून न जाता जळत्या टोकावरून थेट हवेत जातो. त्यात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोगकारक आहेत. न ओढणारे दहा लाखांहून अधिक लोक जगभरात दरवर्षी दुसऱ्याच्या धुराने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 2009 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की धूम्रपानबंदीनंतर हृदयविकाराचे झटके कमी होतात. एक प्रदूषण आहे म्हणून दुसरं सोसावं, असं कुठलाच डॉक्टर सांगणार नाही.

“हॉटेल धंदा बसतो.”

महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ किती, हे 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आहे: 3.8 टक्के. शंभरातल्या चौघांसाठी शहाण्णव जणांची हवा बिघडवणं हा धंद्याचा हिशेब होऊ शकत नाही. शिरवळपासून कराडपर्यंत हायवेवर मुलाबाळांसह थांबणाऱ्या गाड्यांवर चालणाऱ्या हॉटेलांना हे वेगळं सांगायला नको. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2009 मध्ये या विषयावरचे जगभरचे अभ्यास एकत्र तपासले. धूम्रपानबंदीमुळे रेस्टॉरंट आणि बारचा धंदा घटत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

“तंबाखूचा शेतकरी मरतो.”

कोटपात तंबाखू पिकवण्यावर एका ओळीचीही बंदी नाही. आपल्या शेजारच्या निपाणी पट्ट्यातला शेतकरी 1981 मध्ये शरद जोशींबरोबर रस्त्यावर बसला, तो भावासाठी, व्यापाऱ्यांच्या लुटीविरुद्ध. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. तेव्हा धूम्रपानबंदीचा कायदा अस्तित्वातही नव्हता. त्या शेतकऱ्याचं नाव आज हॉटेलातल्या राखदाणीच्या बचावासाठी घेणं बरोबर नाही.

“कर घेता, वर दंडही घेता.”

तंबाखूमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांचा 2017-18 मधला देशाचा खर्च 1,77,341 कोटी रुपये होता. त्याच अभ्यासानुसार तंबाखूवरच्या उत्पादनशुल्काचं उत्पन्न या खर्चाच्या 12.2 टक्के होतं. उरलेला भार औषधाच्या दुकानात, मिरजेच्या दवाखान्यात आणि बुडालेल्या मजुरीत कुटुंबच उचलतात.

दंडाबद्दलचं गाऱ्हाणं मात्र अर्धं खरं आहे. कलम 4 चा दंड जास्तीत जास्त 200 रुपये आहे आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. पावती नसेल तर पैसे देऊ नका, दंड मागणाऱ्याला त्याचा हुद्दा आणि पावतीपुस्तक दाखवायला सांगा. फौजदार आणि त्यावरचे पोलीस अधिकारी हा दंड करू शकतात. शिवाय शाळेत मुख्याध्यापक, पोस्टात पोस्टमास्तर, ग्रंथालयात ग्रंथपाल असे त्या त्या जागेचे अधिकारीही. आणखी एक अन्याय असा की स्टँडवर बिडी ओढणाऱ्या मजुराला दंड होतो, पण ज्याने आपल्या हॉटेलात राखदाण्या मांडल्या त्याला कोणी विचारत नाही. नियम तसा नाही. तक्रार येऊनही मालक किंवा व्यवस्थापक गप्प बसला तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर बसतो. यावर उपाय अंमलबजावणी नीट करणं हाच आहे. कायदा रद्द झाला तर मजुरालाही धूर सोसावा लागेल.

“टपरीवाल्याचं पोट मारलं.”

टपरीला बंदी नाही. 18 वर्षांखालच्याला विकायचं नाही, शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांत, म्हणजे 91.44 मीटरच्या आत विकायचं नाही, पान-चहा-बिस्किटं विकायला आडकाठी नाही. इथे मोजमापात नेहमी चूक होते. अंतर शाळेच्या फाटकापासून आणि रस्त्याने वळसा घालून मोजलं जातं. नियमात ते आवाराच्या बाहेरच्या भिंतीपासून किंवा कुंपणापासून सरळ रेषेत, चारी दिशांना मोजायचं आहे. त्यामुळे मागच्या गल्लीतली टपरी फाटकापासून लांब असली तरी हद्दीत येते. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी सिगारेट-बिडी विकायलाही बंदी आहे, कारण सुट्या कांडीवर पाकिटावरचं 85 टक्के जागेतलं चित्र दिसत नाही आणि शाळकरी पोराला परवडते ती सुटी कांडीच. लहान मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. 200 रुपयांच्या दंडावर चर्चा करणाऱ्यांना हे कलम बहुधा माहीतच नसतं.

“एवढं करून तंबाखू कमी झाली का?”

झाली. देशात 2009-10 मध्ये 34.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, 2016-17 मध्ये 28.6. महाराष्ट्रात 31.4 वरून 26.6. हे एकट्या धूम्रपानबंदीने झालं नाही. चित्रांचे इशारे, वाढलेल्या किमती, 2012 ची गुटखाबंदी या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. आणि महाराष्ट्राचं मोठं दुखणं चुना-तंबाखू, मशेरी अशा बिनधुराच्या तंबाखूचं आहे: 24.4 टक्के प्रौढ ती घेतात. तिथे कोटपाचं कलम 4 पोचत नाही, म्हणून जास्त काम हवं. कमी कायदा हा त्यावरचा इलाज नाही.

हॉटेलमालकांनी करायचं ते फार नाही. प्रत्येक प्रवेशदारावर आणि मजले जास्त असतील तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यापाशी, लिफ्टपाशी 60 बाय 30 सेंटीमीटरचा पांढरा फलक लावा. त्यावर किमान 15 सेंटीमीटर व्यासाचं लाल वर्तुळ, आत सिगारेट किंवा बिडीचं चित्र, त्यावरून लाल पट्टी, आणि ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’ हा मजकूर. ‘आरोग्यास हानिकारक’ असा छापील कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेला चालत नाही. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव फलकावर लिहा, बहुतेक फलकांवर हीच जागा कोरी असते. टेबलावरच्या राखदाण्या, काउंटरवरच्या काड्यापेट्या आणि दोरीला बांधलेला लायटर काढून टाका. वेटरला एकच वाक्य शिकवा: “साहेब, बाहेर ओढा, चहा गरम ठेवतो.” आणि ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा मोफत नंबर काउंटरमागे लिहून ठेवा. सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, फोन त्या दिवसांतच करायला सांगा.