बोलायला आम्ही काय मेलो होतो?

आज संध्याकाळी पुण्यात कर्वे पुतळ्याच्या बसस्टॉपवर एक मायलेक उभे होते. मुलगा पंचवीस-सव्वीसचा, पाठीला ऑफिसची सॅक. आईच्या हातात प्लास्टिकची फाइल आणि पाण्याची बाटली. तो काउन्सेलरकडचं पहिलं सेशन संपवून आला होता. हे कळायला कान द्यावा लागला नाही, आईचा आवाज अख्ख्या स्टॉपला ऐकू जात होता.

"काय सांगितलं त्यांनी?"
"काही नाही. मीच बोलत होतो."
"पंधराशे रुपये देऊन तूच बोललास? मग बोलायला आम्ही काय मेलो होतो?"

मुलगा गप्प झाला. खिशातून मोबाइल काढून त्याच्याकडे बघत राहिला. स्क्रीन बंदच होती.

(मीही याच व्यवसायात आहे, पण ते माझ्याकडचे क्लायंट नव्हते. असते तर हे इथे लिहिलंच नसतं.)

घरी येऊन दोन तास झाले, तरी ती बंद स्क्रीन डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या फ्रेंडलिस्टमधले बहुतेक जण समजूतदार आहेत, मन आजारी पडू शकतं हे तुम्हाला पटवून द्यायला नको. पण पहिल्या सेशनमध्ये नेमकं होतं काय, हे तुमच्यापैकीही फार थोड्यांना माहीत असेल. म्हणून सगळं लिहिते आहे. लांब आहे, पण वाचा.

डॉक्टरकडे गेलं की पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, ही आपली सवय. इथे पन्नास मिनिटं जातात आणि बाहेर येताना हात रिकामे असतात. कारण पहिला तास माहिती घेण्यात जातो. आधी एक फॉर्म: नाव, वय, चालू असलेली औषधं, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. मग संमतिपत्र. ते वाचल्याशिवाय सही करू नका. त्यात फी, सेशनची वेळ, रद्द करायचा नियम आणि गोपनीयतेच्या मर्यादा असतात. मग प्रश्न. त्रास कधीपासून आहे? आत्ताच का आलात, सहा महिन्यांपूर्वी का नाही? झोप किती, मध्येच जाग येते का? भूक? वजन? दारू, सिगरेट? घरात आधी कुणाला असा आजार? आणि एक प्रश्न सरळ विचारला जातो: मरून जावंसं वाटतं का? तो जवळजवळ प्रत्येकाला विचारतात. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं, की चला, कुणीतरी विचारलं एकदाचं. खरं उत्तर द्या.

काही जण प्रश्नावली भरून घेतात. नैराश्यासाठी 'पीएचक्यू-९' बरीच वापरतात: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट लक्ष द्यावं लागतं. तो आकडा म्हणजे निदान मात्र नव्हे. ताप मोजावा तसा तो मोजतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून या असंही कुणी सांगेल. त्याचा राग मानू नका. थायरॉइड मंदावलं की माणूस अगदी नैराश्यात असल्यासारखाच दिसतो, आणि तिथे बोलून किती फरक पडणार?

तर मुलगा खरंच सांगत होता. तोच बोलत होता. तेच व्हायला हवं होतं.

आता त्या काउन्सेलरबद्दलही दोन शब्द. हे सगळं सेशनच्या शेवटी सांगायला पाच मिनिटं लागतात: आज मी फक्त समजून घेतलं, पुढच्या वेळी काय करायचं ते दोघं मिळून ठरवू, साधारण इतकी सेशन्स लागतील. ती पाच मिनिटं काढली असती तर मुलाकडे आईला द्यायला उत्तर असतं. आपल्याच व्यवसायातले लोक हे सांगत नाहीत याचा मला मनापासून राग येतो. समोरचा माणूस महिनोन्महिने हिंमत गोळा करून आलेला असतो!

पंधराशे ही लहान रक्कम नाही, कबूल. आठवड्याला एक म्हटलं तर महिन्याचे सहा हजार. परवडत नसेल तर पहिल्या फोनवरच विचारा, लाजू नका. विद्यार्थ्यांसाठी, नोकरी गेलेल्यांसाठी फी कमी करणारे बरेच आहेत. सुरुवातीची चार-पाच सेशन्स दर आठवड्याला आणि मग पंधरवड्याने, असंही चालतं. तेही जमत नसेल तर ससूनसारख्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते. रांग लागते आणि वेळ कमी मिळतो, पण मिळतो. त्याच पहिल्या फोनवर विचारायच्या बाकीच्या गोष्टी: सेशन किती मिनिटांचं, मराठीतून बोलता येईल ना, ऑनलाइन की समोरासमोर, आणि आदल्या दिवशी रद्द केलं तर पैसे लागतात का. बहुतेक जण २४ तास आधी कळवा म्हणतात, नाहीतर पूर्ण फी घेतात. लोकांना ते जाचक वाटतं. पण तो तास तुमच्या नावाने अडवलेला असतो, ऐनवेळी दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

आणि शिक्षण विचारा. बिनधास्त विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागता येतो. काउन्सेलरला तशी नोंदणी असेलच असं नाही. मग एम.ए. कशात केलं, प्रत्यक्ष प्रशिक्षण कुठे झालं, स्वतःच्या केसेस कुणा ज्येष्ठाला दाखवता का, हे विचारा. चांगला माणूस शांतपणे उत्तर देतो. चिडला तर उठून या. दोन दिवसांची कार्यशाळा करून दारावर पाटी लावणारे आहेत, हेही मान्य करावं लागतं. 'तीन सेशनमध्ये हमखास बरं करतो' म्हणणारा, वीस सेशनचे पैसे आगाऊ मागणारा, मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणारा, अर्धा तास स्वतःच्याच आयुष्याबद्दल बोलणारा, लग्न केलं की सगळं ठीक होईल म्हणणारा: यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. गोळ्या एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला मानसोपचारतज्ज्ञ देतो, काउन्सेलर देत नाही. आणि चालू गोळ्या मनाने एकदम तोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो आणि मूळ आजारही उलटू शकतो.

खरं काम दुसऱ्या-तिसऱ्या सेशनपासून सुरू होतं. 'मला आनंदी व्हायचंय' यावर काम करता येत नाही. 'रात्री दोनपर्यंत जागतो ते बारावर आणायचंय', 'रविवारी संध्याकाळी सोमवारच्या विचाराने पोटात गोळा येतो तो कमी व्हायला हवा', यावर करता येतं. मग गृहपाठ मिळतो. साधी वही, चार रकाने: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना आणि तिची तीव्रता शंभरपैकी किती, मग मी काय केलं. साहेबांचा मेसेज आला, 'उद्या बोलू'. विचार: आता काढून टाकणार. भीती, ८५. केलं काय, तर रात्रभर जुन्या ईमेल तपासत बसलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुट्टीचं वेळापत्रक विचारलं. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की विचारांची ठरलेली वाट माणसाला स्वतःलाच दिसायला लागते. वही लिहायची राहिली तरी सेशन चुकवू नका. का राहिली, हेही कामाचं असतं.

तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या सुमारास अनेकांना आधीपेक्षा वाईट वाटतं. दाबून ठेवलेलं वर येतं, डोकं जड होतं, घरी येऊन झोपावंसं वाटतं. लोक नेमके तिथेच सोडून देतात. म्हणून सेशननंतर लगेच मीटिंग ठेवू नका, अर्धा तास मोकळा ठेवा. ऑनलाइन असेल तर हेडफोन लावा आणि दार बंद होईल अशी जागा आधी बघून ठेवा. घर लहान म्हणून पार्किंगमधल्या गाडीत बसून बोलणारेही आहेत, चालतं. सहाव्या सेशनला थांबून विचारा, फरक पडतोय का? पडत नसेल तर तसं तोंडावर सांगा. पद्धत बदलता येते, माणूसही बदलता येतो. न सांगता गायब होऊ नका, एवढंच.

आता पुन्हा त्या आईकडे. लिहायला बसले तेव्हा तिच्यावर चिडले होते. आता आठवतंय, तिच्या हातात फाइल होती, म्हणजे जुने रिपोर्ट तिनेच शोधून लावले असणार. बाटली त्याच्यासाठीच होती. पुढे बस आली तेव्हा तिने आधी त्याला चढायला लावलं. 'आम्ही काय मेलो होतो' मध्ये राग कमी आणि भीती जास्त होती. आपल्या पोराला आपल्याशी बोलता येत नाही, हे पहिल्यांदाच लक्षात आलं की कुठल्याही आईला लागणारच.

पण ताई, 'काय सांगितलं त्यांनी' हे विचारू नका हो. तो सज्ञान आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क लिहून दिला आहे. फी तुम्ही भरली तरी तो हक्क त्याचाच राहतो. काउन्सेलरला फोन करून विचारलंत तर ते सांगणार नाहीत, सांगितलं तर ते चूक करतील. त्याच्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने आदेश दिला असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं असेल, अशा मोजक्याच प्रसंगी ही गोपनीयता बाजूला ठेवतात. पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, तर पोलिसांना कळवावंच लागतं. बाकी सगळं त्या खोलीत राहतं. तुम्हाला सेशनला बोलवायची गरज पडली तर त्याला विचारून बोलावतील. तोपर्यंत 'चहा टाकू का' एवढं पुरे.

आणखी एक, फार महत्त्वाचं. काउन्सेलरचा फोन रात्री दोनला उचलला जाईलच असं नाही, ती तातडीची सेवा नव्हे. जिवाचं बरंवाईट करायचे विचार जोरात आले तर १४४१६ लावा. सरकारची टेलीमानस सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. नंबर आत्ताच सेव्ह करा, मग पुढे वाचा.

आणि तो मुलगा चुकूनमाकून हे वाचत असेल तर: दुसऱ्या सेशनला काय बोलायचं ते सुचत नाही, असं बहुतेकांना होतं. सुरुवात बसस्टॉपपासून कर. आई काय म्हणाली, तू काय उत्तर दिलंस, आणि बंद मोबाइलकडे बघत असताना तुझ्या मनात काय चाललं होतं, ते सांग.