मुंडकं पेटीत कामून ठिवलं?

परभणीत मे महिन्यात भुताचा सिनेमा पाहणं म्हणजे भुतावर अन्याय आहे. बाहेर पारा ४४ च्या पुढं, आणि खिडकीतला कूलर इतका घरघरतो की पडद्यावरच्या बाईनं जीव खाऊन किंकाळी फोडली तरी ती ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की ज्वारी निवडत बसलेली आई आतून विचारते, "कोण गेलं रे?" कूलर बंद केला तर मीच जायची वेळ येते. रात्रीचं पाहावं म्हटलं तर हवेलीचं दार करकरायला आणि लाईट जायला एकच गाठ पडते.

तरी मी पाहतो. मला रामसे बंधूंचे भुताचे सिनेमे मनापासून आवडतात, पण हे चारचौघांत बोलायची सोय नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी छंद विचारले. मी "वाचन" म्हणून मोकळा झालो. खरं लग्नानंतर कळलं, तेव्हापासून बायको आठवड्यातून एकदा तरी म्हणते, "अहो, चारचौघांसारखं क्रिकेट पाहा की!"

तिला कसं समजवावं? हे सात भाऊ. एक लिहिणार, दोघं दिग्दर्शन करणार, एक कॅमेरा धरणार, एक आवाज सांभाळणार, एक संकलन करणार. १९७२ च्या 'दो गज ज़मीन के नीचे'साठी सगळं कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिलं. आमच्या घरात सात माणसं मिळून एक पापड लाटणं होत नाही. एकीचं लाटणं, दुसरीचं बोलणं, तिसरीचं रुसणं!

आणि खरं सांगू का, भूत हे माझ्यासाठी निमित्त. मला हिरो कधीच लक्षात राहत नाही. कंदील घेऊन वाट अडवणारा म्हातारा लक्षात राहतो, उगाच हसणारा नोकर राहतो, दुसऱ्याच मिनिटाला मरणारा ड्रायव्हर राहतो. तो दिसला की मी ओरडतो, "अरे, हा तर त्या सिनेमातला सावकार!" घरात कुणी मान वर करत नाही. हे दुःख भुताच्या शापापेक्षा मोठं आहे.

यंदा सुट्टीत जिंतूरची मावशी आली. मी 'पुराना मंदिर' लावला होता, १९८४ चा. मावशी पंखा हलवत शेजारी येऊन टेकली.

"काय पाहायलास रे?"

मी उत्साहानं सांगायला लागलो. सामरी नावाचा सैतान, राजानं त्याचं मुंडकं छाटून पेटीत बंद केलं, धड दुसरीकडं पुरलं, आणि मरताना त्यानं राजाच्या घराण्याला शाप दिला...

"मुंडकं पेटीत कामून ठिवलं? जाळून टाकायचं की!"

"मावशी, मग सिनेमा कसा होईल?"

"जाळायचं नव्हतं तर कापलं कामून?"

मी विषय बदलला. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीत शिकलेले सिव्हिल इंजिनिअर आहेत, हे तिला सांगितलं. तिनं त्या उंच, ओबडधोबड चेहऱ्याकडं नीट पाहिलं. माझ्या मावसभावाची इंजिनिअरिंगची डिग्री भिंतीवर लटकून पाच-सहा वर्षं झाली असतील. मावशी म्हणाली, "हा निदान भूत तरी झाला." याच माणसानं पुढं १९९४ च्या 'बँडिट क्वीन'मध्ये डाकू बाबू गुज्जर केला, तिथं तर कसला मुखवटाही नाही, हे मला सांगायचं होतं. पण तेवढ्यात सदाशिव अमरापूरकर पडद्यावर आले आणि मावशीचा पंखा थांबला.

"अगं बाई, हा तर आपला नगरचा!"

जिंतूर कुठं, नगर कुठं. पण पडद्यावर मराठी माणूस दिसला की आमच्याकडं सगळे जिल्हे एक होतात. मला मात्र गहिवरून आलं. इतक्या वर्षांनी घरात कुणीतरी हिरो सोडून दुसऱ्याकडं बोट दाखवलं होतं! मी सुटलोच. आदल्याच वर्षीच्या 'अर्धसत्य'मधल्या रामा शेट्टीनं याच माणसाला फिल्मफेअर मिळवून दिलं, आणि लगेच इथं सामरीच्या गावात! लहानमोठं काम असं काही मानतच नाहीत ही माणसं. मावशी "हूं, हूं" करत होती. सिनेमाभर तिला एकच काळजी: नगरच्या माणसाचं काही वाईट होऊ नये.

शेवटी लोकांनी सामरीला पेटवलं. मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं की मला उठून पाणी प्यावं लागलं.

"दोन तास झाले सांगायले मी. बरं, त्या नगरवाल्याचं अजून एखादं लाव. भुताचं नसलं तरी चालंल."

मी लगेच १९९१ चा 'सडक' लावला. भूत नाही, पेटी नाही, मुंडकं नाही. कोठा चालवणारी महाराणी आली, साडी, कुंकू, ती नजर. मावशीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पंखा बाजूला ठेवला आणि माझा दंड घट्ट धरला.

"ह्यो त्योच?"

"तोच."

"बंद कर आधी ते. आन् आज रात्री सुनबाईला म्हणावं, माझ्या खोलीत झोप."