"आजारी पिल्लू विकलं" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, दुकानाचा मालक बोलतोय. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून नेलेल्या बिअर्डेड ड्रॅगन सरड्याने दहा दिवसांत खाणं सोडलं, दिवसभर काळपट पडून असतो, म्हणजे आम्ही आजारी पिल्लू तुमच्या गळ्यात मारलं. राग आला ते बरोबरच आहे, पण आजारी विकलं हे मान्य नाही, दुकानात रोज खात होतं, वजनाची वही आहे, कधीही येऊन बघा.

तुमचा फोटो झूम करून बघितला. काचेला चिकटवलेला गोल काटेवाला थर्मामीटर ३० दाखवतोय, पण तो काचेजवळच्या हवेचं सांगतो हो, पिल्लू बसतं त्या दगडाचं नाही. बल्बखालचा दगड ४० अंशाच्या आसपास तापलेला पाहिजे आणि टँकचं दुसरं टोक २५-२६, म्हणजे जास्त झालं की ते स्वतःच सरकतं. सरड्याला ऊब बाहेरूनच मिळते, ती कमी पडली की खाल्लेलं पचत नाही आणि भूकच मरते, आणि काळं पडतं ना ते बऱ्याचदा मिळेल तेवढी ऊब शोषून घ्यायला. आता आमची चूक, तो काटेवाला आमच्याच काउंटरवरून गेलाय, प्रोबवाला (वायरच्या टोकाने टेकवलेल्या जागेचंच तापमान मोजणारा) डिजिटल द्यायला हवा होता. घेऊन या, बदलून देतो, पैसे नकोत.

अजून एक, यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) काचेच्या झाकणावर ठेवलेली दिसतेय. काच यूव्हीबी अडवते, नुसता उजेड आत जातो, मग कॅल्शियम पावडर कितीही लावा, अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. ट्यूब आतून लावा. आणि तो प्लगवाला गरम दगड आमचा नाही, कुठूनही घेतला असेल तरी आजच काढा, पोट भाजतं आणि त्यांना वेळेत कळतही नाही.

अंग गार असताना बळंच किडे भरवू नका, आधी ऊब द्या. दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला, किंवा पाय थरथरताना, नाकातून पाणी येताना दिसलं तर थांबू नका, सरडे बघणाऱ्या डॉक्टरकडेच न्या. (बल्बखालच्या दगडावर बसून तोंड उघडं ठेवतो ते वेगळं, त्याला घाबरू नका.)

रिव्ह्यू काढा म्हणत नाहीये. नवा थर्मामीटर नेलात की प्रोब दगडावर टेकवून तासाभराने फोटो पाठवा, बल्ब किती खाली-वर करायचा ते सांगतो.