ओळखी ठीक, पण खरी लढाई आतली

एका लेखात वाचलं की जनसंपर्काच्या कामात, म्हणजे कंपनीची बाजू लोकांपुढे मांडण्याच्या कामात, पत्रकारांच्या ओळखी हेच भांडवल. अर्धंच पटलं. ओळखीमुळे फोन उचलला जातो, बातमी छापून येत नाही. बारा वर्षं हे काम केलंय, कस लागतो तो आपल्याच साहेबांसमोर. एकदा मालात दोष निघाला. मी म्हटलं, आजच कबूल करू. वरून हुकूम आला, 'गप्प बसा.' दोन दिवसांत ग्राहकांनी फोटोंसकट सगळं मांडलं. मग आमचा खुलासा कोण वाचतो!

१९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण दगावले. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. याला जनसंपर्काचा आदर्श नमुना म्हणतात, पण निर्णय मुळात व्यवस्थापनाचा होता. आमचं काम, तो वेळेत घ्यायला लावणं.

नव्या मुलांनी प्रेस नोटबरोबर ताळेबंद वाचायलाही शिकावं, म्हणजे साहेबांशी आकड्यांच्या भाषेत बोलता येतं. मला हे उशिरा सुचलं. तोवर बैठकीत मला शेवटच्या पाच मिनिटांपुरतंच बोलावत.