मुंढ्याच्या ओळी कोण लिहिणार?

"नक्षी कायम ठेवून दोन्ही बाजूंनी टाके कमी करत जा, मुंढा 19 सेंमी होईपर्यंत."

बस. संपलं. विकत घेतलेल्या क्रोशाच्या कार्डिगनच्या पॅटर्नमध्ये पाठीच्या अख्ख्या मुंढ्यासाठी, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईसाठी, हे एवढं एकच वाक्य आहे. त्याआधीच्या सरळसोट चौकोनी भागासाठी मात्र पानभर मजकूर! ओळ 1, ओळ 2, ओळ 3, प्रत्येक ओळीच्या शेवटी टाक्यांची बेरीज, शेजारी रंगीत चिन्हांचा आलेख. जो भाग कालपरवा साखळी शिकलेली मुलगीसुद्धा न बघता विणेल, तिथे बोट धरून चालवलं. आणि जिथे खरंच कुणीतरी बोट धरायला हवं, तिथे पॅटर्न लिहिणाऱ्या बाई हात झटकून मोकळ्या. इथेच घोडं पेंड खातं हे तिला माहीत नव्हतं, असं मी मुळीच मानणार नाही. तिने स्वतः विणलंय ना ते कार्डिगन? मग मुंढा विणताना तिने जे केलं ते लिहायला काय झालं होतं?

नक्षी शिंपल्यांची आहे. टाके 6 च्या पटीत अधिक 1. एक मुका खांब (बुटका टाका), दोन टाके सोडा, एकाच टाक्यात पाच खांब (उंच टाके), दोन टाके सोडा, पुन्हा मुका खांब. पुढच्या ओळीत शिंपला अर्ध्याने सरकतो आणि कडेला अर्धा शिंपला येतो. आता मला सांगा, यातून कडेचा एक टाका कमी करायचा म्हणजे नेमका कुठला? अर्धा शिंपला ठेवला तर कड जागची हलत नाही. काढून टाकला तर एकदम तीन टाक्यांची पायरी पडते. मधला मार्ग आहे, नाही असं नाही. कडेच्या खांबाचा अर्धा खांब करायचा, त्याच्या अलीकडच्याचा मुका खांब करायचा, ओळीच्या सुरुवातीला उंचीच्या साखळ्या न घालता सरकटाक्यांनी पुढे जायचं. पण हे प्रत्येक ओळीला वेगळं पडतं! शिंपला दर ओळीला सरकतोय आणि कडही दर ओळीला आत येतेय. म्हणजे कुठल्याच लागोपाठच्या दोन ओळींची कड सारखी नाही. हे सगळं "नक्षी कायम ठेवून" या तीन शब्दांत बसवलंय तिने.

बरं, दोन सुयांवरच्या विणकामात असं लिहिलं तर एक वेळ समजू शकते. तिथे एक ओळ तीन मिलिमीटरच्या आसपास. 19 सेंमीच्या मुंढ्यात साठ-एक ओळी मिळतात. दोन-चार इकडेतिकडे झाल्या तरी गोलाई निघते. क्रोशाच्या खांबाची एक ओळ सेंटिमीटरभर उंच. हातात सगळ्या मिळून वीसेक ओळी, आणि त्यातल्या पहिल्या पाच-सहा ओळींतच सगळी गोलाई काढायची. एक ओळ चुकली की काखेत पायरी दिसते. जाळीदार नक्षीत तर ती लपवायला जागाच नाही. पलीकडचं सगळं आरपार दिसतं, म्हणून तर उन्हाळ्यात घालायला जाळी विणतो आपण.

तर मी तिला लिहिलं. अगदी नम्रपणे. "मुंढ्याच्या पहिल्या सहा ओळी कशा कराव्यात ते सांगाल का, किंवा आलेख असेल तर द्याल का?" उत्तर आलं, "थोडा अनुभव असला की ते आपोआप कळतं. तुमच्या नजरेवर विश्वास ठेवा." पुढे हसरा चेहरा.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आपोआप? काय आपोआप? उसवून उसवून सुताचा पीळ सुटतो, दोऱ्याच्या लडी सुट्या होतात, सुई मधेच घुसते, त्याला आपोआप म्हणतात? आणि माझ्या नजरेवरच विश्वास ठेवायचा होता, तर पॅटर्नचे पैसे मी कशाचे दिले? शिंपल्याची नक्षी आमच्या आज्यांनाही येत होती. नक्षी कुणाच्याच मालकीची नाही. पॅटर्न लिहिणारीकडून विकत घ्यायची असते ती मापं, टाक्यांचं गणित, गळ्याची आणि मुंढ्याची गोलाई, बाहीचा माथा त्या मुंढ्यात नेमका बसेल याची खात्री. तेवढंच काम तिचं आहे. तेवढंच तिने माझ्याकडे ढकललं, आणि वर मला अनुभव कमी आहे असंही सुचवलं. मी वर्षानुवर्षं विणतेय. मला येत नाही म्हणून मी विचारत नव्हते. लिहिलेलं नाही म्हणून विचारत होते. या दोन गोष्टींतला फरक न कळणाऱ्या माणसाने शिकवण्याचे पैसे घेऊ नयेत.

आणि ते फोटो! समुद्रावर वारा सुटलाय, मुलीने दोन्ही हात वर करून केस धरलेत, कार्डिगन उघडं, पदरासारखं मागे उडतंय. एकाही फोटोत काख दिसत नाही. एकाही! पाठ नाही, खांद्याची शिवण नाही, बाही जिथे जोडली ती जागा नाही. पॅटर्न घेण्याआधी मला वाऱ्यावरचे केस बघायचे नसतात हो. मला एक सरळ उभं माणूस दाखवा, हात खाली सोडलेलं, समोरून आणि मागून. काख दाखवत नाहीत म्हणजे काखेत काहीतरी गडबड आहे, हे मी आता गृहीतच धरते. आता तर त्याहून भयंकर सुरू झालंय. यंत्राकडून चित्र बनवून घेतात आणि त्यावर पॅटर्न विकतात. जवळून बघा त्या चित्रांकडे. खांब वर कुठे जातो ते कळत नाही, शिंपला मधेच वितळून पुढच्या शिंपल्यात मिसळतो, साखळीला सुरुवात-शेवट नाही. असा टाका जगात कुठल्याही सुईने घालता येणार नाही. आणि नवशिकी मुलगी तो पॅटर्न घेते, तिला तसं जमत नाही, आणि ती स्वतःला दोष देऊन सुई ठेवून देते. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

मापांचं काय सांगू? "मोठं हवं असल्यास अर्धा मिलिमीटर मोठी सुई वापरा." हे मापांचं कोष्टक! अहो, लेसमध्ये सुई वाढवली की आधी भोकं वाढतात. अंगापेक्षा खांदे वाढतात, मुंढा कमरेकडे सरकतो, गळा खांद्यावरून घसरतो. माणसाची छाती दहा सेंमी वाढली म्हणून त्याचे खांदे तेवढेच रुंद होत नाहीत, हे कुठल्याही शिंप्याला विचारा. प्रत्येक मापासाठी वेगळं गणित बसवावं लागतं, त्याला वेळ लागतो, डोकं लागतं. ज्यांना ते करायचं नाही त्यांनी एकच माप लिहावं आणि पहिल्या पानावर ठळक सांगावं. जाड बाईला मोठी सुई दाखवून वाटेला लावू नये.

सुईवरून आठवलं. "सुई नं. 6." कुठला 6? अमेरिकी 6 म्हणजे 4 मिमी आणि जुना ब्रिटिश 6 म्हणजे 5 मिमी. बारीक स्टीलच्या सुयांचे आकडे तर आणखी तिसरेच. मिलिमीटर लिहायला शाई जास्त लागते का? तीच गोष्ट टाक्यांच्या नावांची. अमेरिकी सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आपला मुका खांब. वर एका ओळीत लिहा ना, कुठली पद्धत धरली आहे ते. नाही लिहीत. मग आपण पहिल्या चार ओळी घालून, उंची मोजून, अंदाज बांधत बसायचं.

आणि दोरा? "400 ग्रॅम." ग्रॅम सांगून काय उपयोग? मीटर सांगा! 100 ग्रॅममध्ये 400 मीटर भरणारं बारीक सूत आणि 200 मीटर भरणारं जाड सूत यांत दुपटीचा फरक आहे. त्यात कापूस लोकरीपेक्षा जड, त्याला लोकरीची लवचीकता नाही. लोकरीसाठी लिहिलेल्या पॅटर्नवर "उन्हाळ्यासाठी सुती दोराही चालेल" असं एक वाक्य चिकटवतात. चालत नाही! सुती जाळी स्वतःच्याच वजनाने खाली ओढली जाते. टेबलावर 10 सेंमी मोजलेला नमुना, म्हणजे मापासाठी आधी विणलेला छोटा तुकडा, टांगून ठेवला की लांबतो आणि अरुंद होतो. धुऊन ओला टांगला तर विचारूच नका. मनगटाची पट्टी एकदा ताणली की लोकरीसारखी परत आवळत नाही. म्हणून नमुना धुवायचा, वाळवायचा, खाली चिमटे लावून रात्रभर टांगायचा, आणि मग मोजायचा. हे कुठल्या पॅटर्नमध्ये लिहिलंय? माझ्याकडच्या तरी एकाही नाही. तीन महिन्यांनी कार्डिगन गुडघ्यापर्यंत आलं की लोक म्हणतात, क्रोशाचे कपडे असेच असतात. असेच नसतात. तसे लिहिलेले असतात.

दोरा विकणाऱ्यांनीही कसर ठेवलेली नाही. दोऱ्याच्या गुंडीवर सूर्याचं चित्र, "समर", "कूल", "ब्रीझ", आणि मागे बारीक अक्षरात 60 टक्के ॲक्रिलिक. कापूस नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, लिनन त्याहून जास्त. ॲक्रिलिक एक-दोन टक्क्यांवर थांबतं. ते घालून घामाने चिकचिक झालं की नाव क्रोशाचं खराब होतं. बांबूचंही तेच. नैसर्गिक बांबू, हिरवं पान, पावसाचे थेंब. तो बहुतेक वेळा व्हिस्कोज असतो, बांबूच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2009 साली अशा कपड्यांच्या लेबलांवरून कंपन्यांवर कारवाई केली, त्याला रेयॉन (व्हिस्कोज त्यातलाच एक प्रकार) म्हणा म्हणून बजावलं. व्हिस्कोज वाईट नाही, मला त्याची लकाकी आवडते. पण ओला झाला की त्याचा जोर कमी होतो आणि तो कापसासारखाच खाली ओढला जातो. हे माहीत असलं तर मी माप त्या हिशोबाने धरीन. मला फसवू नका, एवढंच.

आणि गुंडीतल्या गाठी! जाड स्वेटरमध्ये गाठ मागे सरकवता येते, टोकं आत ओवता येतात. पाच साखळ्यांच्या कमानीत टोक ओवायचं कुठे? ऐन कमानीच्या मधोमध कारखान्यातली गाठ येते, टरकन वर येऊन बसते. मग कापा, मागच्या शिंपल्यापर्यंत उसवा, घट्ट जागेत नवा दोरा जोडा. एका गुंडीत दोन-तीन गाठी चालतात म्हणे. कुणाला चालतात? विणणारीला विचारलं होतं का?

या सगळ्यावर कुणीतरी येऊन म्हणतं, "एवढा खटाटोप कशाला, दुकानात तयार मिळतं की असलं कार्डिगन!" ऐका नीट. खऱ्या क्रोशाचं कापड विणणारं यंत्र अजून बाजारात नाही. क्रोशे मशीन नावाची जी यंत्रं आहेत ती वेगळ्याच पद्धतीने विणतात, फक्त दिसायला क्रोशासारखं. दुकानातलं कार्डिगन खऱ्या क्रोशाचं असेल तर ते कुणीतरी हातानेच विणलंय, टाका टाका मोजून, आणि ते इतकं स्वस्त आहे म्हणजे त्या हातांना काय मिळालं असेल? हे ऐकून लोक गप्प होतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच बोलतात.

हातांना काय मिळतं यावरून आणखी एक. पॅटर्न विकण्याआधी टेस्टर, म्हणजे तो विणून तपासणाऱ्या बायका, लागतात. त्यांनी दोरा स्वतःचा आणायचा, ठरलेल्या तारखेला अख्खं कार्डिगन संपवायचं, चुका शोधून द्यायच्या, फोटो काढून द्यायचे, आणि मोबदला काय, तर तोच पॅटर्न फुकट. बरं, इतक्या जणींनी टेस्ट केला, तर मुंढ्यावर एकीलाही प्रश्न पडला नाही? पडला असणार. विचारलंही असणार. त्यांनाही नजरेवर विश्वास ठेवायला सांगितलं असणार!

1845 नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये पोट भरायला क्रोशाची लेस करणाऱ्या बायका सुटी फुलं-पानं विणायच्या, आकार आखलेल्या कापडावर ती टाचायच्या आणि मधली जागा जाळीने भरायच्या. आकार आधी, नक्षी नंतर. कपडा अंगावर बसायचा असेल तर आधी आकार ठरवावा लागतो, हे त्यांना कळत होतं. आज घरोघरी संगणक आहे, आलेख काढायची साधनं फुकट आहेत, आणि तरी मुंढ्याच्या सहा ओळी कुणाच्याने काढवत नाहीत.

तर आता त्या मीच काढतेय. चौकटीचा कागद, पेन्सिल, खोडरबर. उजवी कड चौथ्या ओळीपर्यंत जुळली आहे. डावी अजून नाही, कारण परतीच्या ओळीत शिंपल्याची दुसरी बाजू कडेला येते. पुढचे दोन भाग "पाठीप्रमाणे, बाजू उलट करून" करायचे आहेत, तेही वाक्य एवढंच. बाहीच्या माथ्यासाठी तिने तेवढंही लिहिलेलं नाही, नुसता फोटो आहे. आलेख पूर्ण झाला की ज्या कुणाला हवा असेल तिला देईन, सगळ्या मापांचा, ओळ न् ओळ. आणि त्या बाईंनाही पाठवणार आहे.